सुलतानचा कान

२०१६ साली, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, महाडची झोया जेवेना. तिने बाटलीच्या दुधावर वाढवलेल्या सुलतान बकऱ्याची कुर्बानी ठरली होती. बाप जुल्फिकार दुबईत उंटांचे क्लोन बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. सुट्टीवर घरी आलेल्या त्याने नमुन्याची कुपी काढली. “रडू नको गो. कानाचा तुकडा नेतो. त्यातून हुबेहूब सुलतान जन्मेल.” “तो मला ओळखेल, अब्बा?” “नाय.” आजी महरुन्निसा गप्प पाहत राहिली. कात्री चालल्यावर म्हणाली, “परत मिळणार असेल तर दिलं काय? कान कापलेलं जनावर कुर्बानीला चालत नाय.” “अम्मा, आधी सांगायचं ना.” “आधी सांगितलं असतं तर सुलतान गेला असता.” दुसरा बकरा आला. जुल्फिकार तुकडा न नेताच दुबईला परतला. रिकाम्या कुपीत आजी आता सुरमा ठेवते. झोया पशुवैद्यकी शिकते. सुट्टीत वीर स्टेशनहून तिची रिक्षा आली की म्हातारा सुलतान कापलेला कान टवकारतो.