आईचं बटण

आईचं कानाचं मशीन ठणठणीत होतं, पण ते फोनवरून चालवायचं अ‍ॅप कंपनीने बंद केलं आणि वर तोंड करून सांगितलं, नवीन मशीन घ्या. मीही हट्टाला पेटले. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं एक फुकटचं अ‍ॅप सापडलं. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता, म्हणून आईने मागितलेलं एक जादा बटण मी त्यात घातलं आणि इतरांनाही वापरता यावं म्हणून त्यांना देऊन टाकलं.

परवा कंपनीचा माणूस नवं मशीन घेऊन दारात हजर. "मावशी, कुणीही उठून बनवलेल्या अ‍ॅपवर कसला भरवसा ठेवता? उद्या बंद पडलं तर कुणाला धरणार?"

"आधीचं कुणी बंद पाडलं?" मी उसळलेच.

आईने मला हातानेच गप्प केलं. "बोला तुम्ही," ती त्याला म्हणाली आणि फोनवर बोट टेकवलं.

तो घसा कोरडा पडेपर्यंत बोलला. आई गोड हसून मान डोलावत राहिली. शेवटी त्याने मोठ्या आशेने सहीसाठी पेन पुढे केलं, तेव्हा तिने पुन्हा फोन उचलला.

 

"झालं का तुमचं? थांबा हं, कान चालू करते."