निम्म्या किमतीचा शालू

हिंदमाताच्या कापडबाजारात चौथ्या दुकानात एकदाचा निम्म्या किमतीत शालू निघाला. लेकीच्या खांद्यावर पदर टाकताना आईचा हात थबकला. पदराच्या टोकाला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती.

म्हणजे हा कुणा दुसरीच्या लग्नासाठी पूजलेला.

"हा परत का आला?" आईने दबक्या आवाजात विचारलं. "नवरीला काही झालं का?"

"छे हो काकू," दुकानदार म्हणाला. "हळदीच्या आदल्या दिवशी ती स्वतःच आली. मला हे लग्न करायचं नाही म्हणाली आणि शालू ठेवून गेली."

आईचा जीव भांड्यात पडला. तिने डाग आत दुमडला.

सकाळपासून गप्प असलेल्या लेकीने मात्र तोच पदर मुठीत घट्ट धरला होता.

"आई," ती आरशातून बघत म्हणाली, "असं परत करता येतं?"