दस्तगीरभाईंची मतमोजणी

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या दस्तगीरभाईंचं आज कामात चित्त नव्हतं. तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, की लगेच नजर टीव्हीकडे. तिथं सातासमुद्रापलीकडच्या एका देशाची मतमोजणी चालली होती.

"तिकडं कुणी का येईना, तुम्हाला काय त्याचं?" तंबोरा न्यायला आलेल्या गायिका मंदाकिनीबाई वैतागल्या.

"अब्बांना ऐकू येतं ते कानातल्या चिपमुळं, आणि ती चालते तिथून," दस्तगीरभाईंची मुलगी शाहीन म्हणाली. "विरोधी पक्ष जिंकला, तर बाहेरच्या लोकांच्या चिपा त्याच क्षणी बंद करणार म्हणतात."

"निवडणुकीतल्या थापा हो त्या!"

दस्तगीरभाईंनी टीव्हीकडे चक्क पाठ केली. भोपळ्याला कान लावून दोरा आणखी किंचित सरकवला, आणि तंबोरा एकदम भरून बोलू लागला. जवारी लागली! सकाळपासून टांगणीला लागलेला जीव जरा खाली आला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा तार छेडली.

बोटाखाली तार नुसतीच थरथरली.

त्यांनी डोळे उघडले. शाहीन टीव्हीकडे हात करून जिवाच्या आकांतानं ओरडत होती. तिचे फक्त ओठ हलत होते.

"राहू दे, पोरी," दस्तगीरभाई म्हणाले. "कोण निवडून आलं, ते कळलं मला."