मुंग्यांची वाट

घराच्या मागच्या भिंतीशी, जिथे दिवसभर ऊन फिरकत नाही, तिथे सून उकिडवी बसली होती. रानफुलाची बोंडं कालपासून उकलत होती. आत मोहरीएवढ्या तपकिरी बिया, आणि प्रत्येक बीच्या टोकाला एक पांढुरका, तुपकट ठिपका. रस्ता रुंद करताना उखडलेलं हे एकुलतं रोप तिने उचलून आणलं होतं, पाचोळ्याचं पांघरूण घालून जगवलं होतं. फुलं दरवर्षी यायची. पण तिने हाताने पेरलेली एकही बी आजवर उगवली नव्हती.

"मग? आहे ना ठणठणीत तुझी सावलीतली बाई?" सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. हातात मुंग्यांच्या पावडरीचा डबा, आवाजात शाबासकीची अपेक्षा. "काल संध्याकाळी मुंग्या लागल्या होत्या तिला. म्हटलं, ही बघेल आणि रडत बसेल. चांगलं रिंगण घातलं भोवती."

तेव्हा सुनेला मातीवरचा पांढरा गोल दिसला. कडेला दोन मुंग्या उताण्या पडल्या होत्या.

"आई, त्या झाड खायला नव्हत्या हो आल्या. बिया न्यायला आल्या होत्या."

"बिया कशाला?"

"तो पांढरा ठिपका त्यांचा खाऊ. बी बिळात नेतात, ठिपका तेवढा खातात आणि बी तिथेच कचऱ्यात टाकून देतात. त्या कचऱ्यातच ती रुजते. अशी उघड्यावर राहिली तर वाळून जाईल."

"खायचं आणि बसल्या जागी टाकायचं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे अगदी तुझा नवरा."

सुनेला हसू आलं, तरी डोळे भरलेच. सासूबाईंनी डब्याचं झाकण दाबून लावलं, आत गेल्या आणि ओलं फडकं घेऊन आल्या. गुडघ्यावर हात टेकत खाली बसून त्यांनी आपलं रिंगण आपणच टिपून काढलं. जिथे पावडर मुरली होती तिथली मातीही खरवडली.

"पण आता येतील का त्या?" सून म्हणाली. "त्यांचं घर कुठे आहे तेसुद्धा मला माहीत नाही."

"तुला नसेल. मी आयुष्य घातलंय त्यांच्यामागे."

सासूबाईंनी एक बी तळहातावर घेतली आणि थेट स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशी गेल्या. पायरीखाली बोटभर भेग होती. तिच्या तोंडाशी त्यांनी बी ठेवली. "घ्या गं बायांनो. आज पावडर नाही."

दोघी वाकून बघत राहिल्या. एक मुंगी बाहेर आली, बीभोवती फिरली, मिशा लावून पाहिल्या आणि आल्या पावली परत गेली.

"नाक मुरडलं हो हिने," सासूबाई खट्टू झाल्या.

"थांबा. घरी सांगायला गेली असेल."

भेगेतून चार मुंग्या आल्या. मग आणखी. बघता बघता पायरीपासून रोपापर्यंत बारीक काळी ओळ लागली, आणि परतीच्या वाटेवर बिया चालू लागल्या. सासूबाई वाटेतून पाय काढून पायरीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या. "ती बघ, ती धाकटी! स्वतःपेक्षा मोठं उचललंय. अगं, दमाने!"

दार उघडलं. दारात सासूबाईंचा मुलगा. हातात कालवलेल्या सिमेंटचं घमेलं आणि थापी, चेहऱ्यावर सुट्टी वाया गेल्याचं दुःख.

"महिनाभर डोकं खाल्लंस, आई. हे घे, आणलं एकदाचं. दाखव, कुठली भेग बुजवायची?"

सासूबाईंनी खाली पाहिलं. एक बी तोंडाशीच अडकली होती. दोन मुंग्या तिला आडवी करून आत ओढत होत्या.

"भेग?" त्या म्हणाल्या. "कसली भेग?"