केरबाचे कुलूप

नियम पाळणे सोपे असते. त्यापायी डोळ्यांदेखत हानी होत असतानाही तो पाळणे, ही मोठी तपश्चर्या आहे.

भट्टीच्या भुयारी वीजवाहिनीची दुरुस्ती आटोपली होती. कोणी आत असताना वीज सुरू होऊ नये म्हणून उतरणाऱ्या प्रत्येकाने बंद केलेल्या मुख्य स्विचला आपले कुलूप लावायचे आणि वर आल्यावर ते स्वतःच काढायचे, असा नियम होता. एकेका कामगाराने वर येऊन आपापले कुलूप काढून नेले. उरले एकट्या केरबाचे. लांबलचक भुयारात हाका मारूनही केरबाचा पत्ता लागेना आणि वीज बंद असल्याने भट्टीतले वितळलेले लोखंड थिजू लागले.

"अहो सदानंदराव, घरी गेला असेल तो! तोडा ते कुलूप," व्यवस्थापक ओरडले.

"आणि आत बेशुद्ध पडला असेल तर, साहेब?" वीजघर सांभाळणारे सदानंदराव म्हणाले. "केरबाचं कुलूप केरबाच काढील."

केरबा खरोखरच विसरून घरी गेला होता. बोलावणे पोहोचून तो किल्ली घेऊन धावत येईपर्यंत लोखंड थिजले. सदानंदरावांनी सर्वांसमोर बोलणी खाल्ली. आपले चुकले काय, हा प्रश्न त्यांना आठवडाभर छळत राहिला.

मग पाहणीसाठी व्यवस्थापक स्वतः भुयारात निघाले. त्यांनी स्विचला आपले कुलूप लावले, किल्ली खिशात ठेवली आणि क्षणभर घुटमळले.

"सदानंदराव, तुम्हीच आहात ना इथे?"

"आहे, साहेब. निश्चिंत जा."

खाली उतरणारा प्रत्येक जीव सुखरूप वर येवो.