उष्टी रोटी

नोदिर, माझा नवरा, रशियात कामाला निघाला तेव्हा रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास खाऊन गेला. उरलेली परत आल्यावर खायची, म्हणून भिंतीवर टांगली. तिचा आता दगड झालाय. त्याचे फोन येतात, तो येत नाही.

सासूबाईंना दिसत नाही, म्हणून दिवसभर कापड विणून मागावरून उठलं की त्यांना वाचून दाखवायचं, हेही माझ्याच गळ्यात. यावेळची जुनी प्रेमकादंबरी म्हणजे नुसतं रडगाणं असणार म्हणून मी वैतागतच सुरू केली, पण मीच तिच्यात गुंतले. शेवटी नायक बायकोकडे परतताना वाटेतच मरतो.

"बिचारी गं!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "काय एकेकीचं नशीब!"

मी भिंतीकडे पाहिलं.

"नशीबवानच की, आई. तिचा निदान मेला म्हणून आला नाही."