सातवा मार

मतं घ्यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पाच हात वर गेले, एक खालीच राहिला. तो व्हर्ना ओटेरोचा.

व्हर्ना वॉशिंग्टनहून आलेली सरकारी निरीक्षक. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नव्या क्षेपणास्त्राची चाचणी चालू होती आणि सातव्या वेळी ते समोरचा रणगाडा सोडून पार भलतीकडंच गेलं होतं. पण इथं नेम चुकला म्हणजे लगेच चुकला असं नसतं. मंडळी टेबलाभोवती बसतात आणि दोष कुणाच्या माथी मारायचा ते मतांनी ठरवतात. शस्त्राच्या माथी मारला तर शस्त्र नापास. डागणाऱ्याच्या मारला तर शस्त्र बिचारं निर्दोष. पाच जणांनी डागणाऱ्याच्या माथी मारला. डागताना त्याचा हात हलला म्हणे.

व्हर्नानं चित्रफीत तीनदा लावली. डागणाऱ्याचा हात कुठं हलला ते दाखवा, म्हणाली. कुणी दाखवेना. चाचणीचा प्रमुख कर्नल प्रुइट, त्यानं नुसता एक कागद पुढं सरकवला. डागणाऱ्याचा, सार्जंट बेनालीचा जबाब होता तो. चूक माझीच, आणि खाली सही. सही असल्यावर चित्रफीत कोण बघतंय, कपाळ?

दुपारी ती जेवणघरात गेली. तीन आठवडे ज्या टेबलावर सगळ्यांशी तिची थट्टामस्करी चालायची, तिथं आज तिला बसता येऊ नये म्हणून रिकाम्या खुर्च्यांवर टोप्या ठेवलेल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पण शाळेतल्या पोरीसारखं रडू आलं तिला. गिळलं तिनं ते.

बेनालीही कोपऱ्यात एकटाच जेवत होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली.

"तुझा हात हलला नव्हता."

"नाही हलला, मॅडम."

"मग सही कशाला केलीस?"

"तुम्ही उद्या विमानात बसाल," तो म्हणाला. "मला यांच्याच हाताखाली राहायचंय."

तिला राग आला, पण तो काढायचा कुणावर? तिनं त्याला समजावून पाहिलं. माझा एकटीचा विरोध अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात जाईल, पण तू खरं लिहून दिलंस तर मतं पुन्हा घ्यावी लागतील. तो मान खाली घालून जेवत राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, तुमची तुकडी इथून पुढं कुठं.

"लढाईवर. ऑक्टोबरात."

"कुठलं शस्त्र देणार आहेत?"

बेनालीनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं.

"हेच, मॅडम. डागणारा मीच."